प्रमुख वक्त्यांचे जाहीर आभार

सन्माननीय, वक्तृत्वधुरंधर, सभासम्राट, प्रमुख पाहुणे महोदय यांचे सेवेशी,



पत्रास कारण की, शिवजयंतीच्या दिवशी आपण आमच्या गावी आलात, पाऊण तास बोललात आणि आभारप्रदर्शन सुरू व्हायच्या आत गाडीत बसलात. पुढे पेणला दुसरा कार्यक्रम होता म्हणे. त्यामुळे आपले आभार मानायचे राहूनच गेले. ते आता जाहीरपणे मानतो. आपलं नाव या पत्रात कुठेही नाही, याचा राग मानू नये. ज्यांचे शब्द वापरायचे त्यांचं नाव घ्यायचं नाही हा आपलाच शिरस्ता, आम्ही तो पाळला इतकंच.

मुरूडच्या किनाऱ्यावर मंडप समुद्राकडे पाठ करून घातला होता. आपण बोलायला उभे राहिलात आणि आपल्या खांद्यामागे पद्मदुर्ग दिसू लागला. वारा होता, माइक मधूनच शिट्टी मारत होता, पण आपण एकदाही कागदाकडे पाहिलं नाहीत. आमच्यातले जाणते म्हणाले, याला म्हणतात व्यासंग. पाठांतर आणि व्यासंग यांतला फरक खुर्चीवर बसून कळत नाही, हेच खरं.

विषय होता आरमार. आपण सांगितलंत की, महाराजांनी एका पत्रात लिहिलं आहे, आरमाराला लाकूड लागतं, पण रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नका. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहणार नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ज्यांच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यांना उभ्या झाडाची किंमत समजावून द्यावी लागत नाही. आपण रडवलंत, आम्ही रडलो. आपले उपकार आहेत.

बारीकशी अडचण एवढीच की, ते महाराजांचं पत्र नव्हे. तो मजकूर 'आज्ञापत्रा'तला आहे, आणि आज्ञापत्र लिहिलं रामचंद्रपंत अमात्यांनी, १७१५ च्या सुमारास. महाराज जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. फलकांवर, कॅलेंडरांवर आणि मोबाइलवर हा उतारा महाराजांच्या नावानेच फिरतो हे आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे सगळा दोष आपला नाही. फलक वाचणारे सगळे आणि मानधन घेऊन बोलणारे आपण, यांत काही फरक असावा, ही समजूत मात्र आमची गावंढळ.

रामचंद्रपंत काही ऐरागैरा माणूस नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, रायगडावर, १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा ते अमात्य होते. पुढे राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इकडचं राज्य ज्यांनी सांभाळलं त्यांत ते प्रमुख. थोरल्या महाराजांचा कारभार डोळ्यांनी पाहिलेल्या या माणसाने उतारवयात राज्यनीती लिहून ठेवली, त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण केलं. 'महाराजांच्या तालमीत तयार झालेल्या अमात्यांनी असं लिहून ठेवलंय' एवढं म्हटलं असतंत तर महाराज लहान होत नव्हते, अमात्य जिवंत होत होते आणि आपले चार सेकंद जात होते. पाऊण तासात चार सेकंद काढणं अवघडच. त्यात चार शेर होते, एक विनोद होता, आणि तो विनोद आपण दोनदा सांगितलात.

बरं, महाराजांचं अस्सल पत्रच हवं होतं तर ते आपल्या पाठीशीच उभं होतं. त्याच पद्मदुर्गाबद्दल महाराजांनी १६७५ साली प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना लिहिलं. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या छातीवर किल्ला उभा केला आहे, आरमार तिथे झुंजतंय, आणि तुम्ही रसद व पैका पोचवत नाही, म्हणजे हबशाने तुम्हाला काही चारलं की काय, असा थेट सवाल त्यात आहे. ब्राह्मण म्हणून गय केली जाणार नाही, हेही बजावलं आहे. कुणाला लिहिलं, कशासाठी लिहिलं, सगळं त्यात आहे. आपण नुसती मान वळवली असतीत तर पत्रातला किल्ला दिसला असता. पण ते पत्र आपल्याला मिळालं नाही, कारण ते कुणी आपल्याला पाठवलेलं नव्हतं.

आता आमच्या गुरुजींतर्फे आभार. तिसऱ्या रांगेत कडेला पांढरी टोपी घालून बसलेले निवृत्त शिक्षक आपण पाहिले नसतील. आपण "मी स्वतः कोळीवाड्यांतून हिंडलो, म्हाताऱ्यांच्या पायाशी बसलो" असं म्हणालात आणि गुराब कशी असते, गलबत कसं असतं, वारा पडला की वल्ही किती जण ओढत, हे सांगू लागलात, तेव्हा गुरुजींचे ओठ हलत होते. प्रत्येक वाक्य त्यांच्या ओठांवर आपल्या आधी येत होतं. साहजिकच आहे, ती वाक्यं त्यांचीच होती. गावच्या देवळाच्या स्मरणिकेत त्यांनी तो लेख लिहिला होता, आणि तिची एक प्रत मागच्या भेटीत आम्हीच आपल्याला शालीबरोबर दिली होती. शाल कपाटात गेली असेल, स्मरणिका मात्र उपयोगात आली. भेटवस्तूचं असं चीज करणारा पाहुणा विरळा.

त्या स्मरणिकेत छापखान्याने एक चूक केली होती. 'दर्यावर्दी' या शब्दातल्या 'व'चा 'द' झाला होता. आपण मूठ उंचावून "हे दर्यादर्दी मावळे" अशी गर्जना केलीत आणि टाळ्या पडल्या. गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आपण चुकासुद्धा इतक्या निष्ठेने उतरवता, हे पाहून आमच्या छापखानेवाल्याला भरून आलं. त्याच्या कामाची एवढी कदर यापूर्वी कुणी केली नव्हती.

गुरुजींच्या लेखाच्या शेवटी, ज्या म्हाताऱ्या कोळ्यांनी माहिती दिली त्यांची नावं छापली होती. त्यांतले दोघे आता नाहीत. त्यांची नातवंडं मंडपात होती, आजोबांचं नाव येईल म्हणून कान टवकारून. आपल्या भाषणातून गुरुजी वगळले गेले आणि गुरुजींच्या बरोबर ते आजोबाही. आपण घेता तेव्हा एकट्यादुकट्याचं घेत नाही, मुळापासून घेता.

'एक कवी' या थोर साहित्यिकाची ओळख करून दिल्याबद्दलही ऋणी आहोत. "एक कवी म्हणतो" या प्रस्तावनेनंतर आपण जे ऐकवलंत त्यावरून या कवीने पोवाडे, गझला, भावगीतं आणि ट्रकच्या मागच्या पाट्या अशा सर्व प्रकारांत सारखंच लेखन केलेलं दिसतं. त्याचे थोरले बंधू 'एक विचारवंत' आणि चुलते 'कुठेतरी वाचलं होतं' हेही आपल्याच आश्रयाला आहेत. या घराण्याला एखादा जीवनगौरव मिळावा, यासाठी आम्ही शिफारस करायला तयार आहोत. पत्ता तेवढा कळवावा.

कधीकधी आपण नाव घेताही. नाही असं कसं म्हणू? मोबाइलवर आलेला आईवरचा एक निरोप आपण पु. ल. देशपांडे यांच्या नावावर वाचून दाखवलात. पुलंच्या पुस्तकांत तो कुठे आहे हे शोधायला आमच्या वाचनालयातलं एक कपाट रिकामं झालं आणि पुन्हा लागलं. तो नव्हता. हीही चोरीच, फक्त उलट्या वाटेची. इथे माल आणून टाकायचा आणि घर दुसऱ्याचं दाखवायचं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा शेवटी बजावलं की, या ग्रंथात जो स्वतःची ओवी घुसडील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नारळाच्या मुलखात नरोटी म्हणजे काय ते सांगायला नको. आपण पुलंच्या ताटात अशा किती ठेवल्यात, ते आपला मोबाइलच जाणे.

आपल्या बालपणाबद्दल मात्र आम्ही विशेष कृतज्ञ आहोत. फी भरायला पैसे नव्हते, आईने मंगळसूत्र गहाण टाकलं, रॉकेलच्या दिव्याखाली आपण अभ्यास केलात. सगळा मंडप हेलावला. फक्त आपल्या तीर्थरूपांच्या कापडदुकानातून ज्यांनी लग्नाचे बस्ते बांधले ते चारदोन वयस्क एकमेकांकडे बघत राहिले. गरिबी दुसऱ्याची असली तरी सांगताना गळा आपलाच दाटून येतो, याला साधना लागते. जो बायडेन यांनाही ती पुरती साधली नाही. ब्रिटनचे नेते नील किनॉक आपल्या घराण्याबद्दल जे बोलले होते, ते एरवी बायडेन किनॉकचं नाव घेऊन सांगत. १९८७ च्या ऑगस्टमध्ये एका सभेत नाव राहिलं आणि घराणं स्वतःचं झालं. मग आणखी काही उसनवाऱ्या बाहेर आल्या आणि सप्टेंबरात त्यांना अध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाहेर पडावं लागलं. आपण अमेरिकेत जन्मला नाहीत हे त्या देशाचं नशीब. इथे आपल्याला पुढच्या वर्षाचंही आमंत्रण आहे.

गेल्या वर्षी एका युवा मेळाव्यात आपण केलेल्या भाषणाची चित्रफीतही आम्ही पाहिली. राजकारणातल्या भक्तीबद्दल आपण फार मोलाचं बोललात. थोर माणसाबद्दल कृतज्ञ असावं, पण आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये, आणि हे आपलं अनेक वर्षांचं चिंतन आहे, असं आपण म्हणालात. हे चिंतन २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेलं आहे. आणि मांडताना त्यांनी स्वच्छ सांगितलं की, हा इशारा जॉन स्टुअर्ट मिल यांचा, आणि कृतज्ञतेलाही मर्यादा असते हे म्हणणं आयर्लंडच्या डॅनियल ओ'कॉनेल यांचं. बाबासाहेबांना दोन नावं घ्यावी लागली. आपण एका दमात तीन गाळलीत. त्यांच्यापेक्षा आपण पुढे गेलात ते असं.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट केली, ती आपण अजून उचललेली नाही म्हणून सुचवतो. घटनेचं श्रेय मला दिलं जातंय, पण ते सगळं माझं नाही, असं ते म्हणाले. सल्लागार बी. एन. राव यांनी कच्चा आराखडा केला, त्यांना काही श्रेय दिलं. मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी, त्यांच्या हाताखालचे कर्मचारी, सगळ्यांची दखल घेतली. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामाचा शेवटचा टप्पा, सगळं सभागृह कौतुकाला बसलेलं, आणि हा माणूस उभा राहून दुसऱ्यांची नावं वाचतोय.

आपण म्हणाल, त्यांनीही १९३५ च्या कायद्यातून घेतलंच ना? घेतलं. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना तो आरोप स्वतःच्या तोंडाने सांगून उत्तर दिलं की, हो, घेतलं आहे, घेण्यात लाज नाही, घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाची मक्तेदारी नसते, ही चोरी नव्हे. हे उत्तर आपल्याला भलतंच आवडेल याची धास्ती वाटते, म्हणून लगेच जोडतो: कुठून घेतलं ते सांगून झाल्यावरच हे म्हणता येतं.

आपल्या चाहत्यांचं म्हणणं असं पडलं की, गावातली साधी माणसं, त्यांना नावं आणि सनावळ्या सांगून कशाला कंटाळा आणायचा? आमची एवढी काळजी वाहिल्याबद्दल धन्यवाद. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मात्र ही काळजी कुणी वाहिली नाही. समोर बसलेल्या कितीतरी जणांना शाळेची पायरी चढू दिलेली नव्हती. त्यांना बाबासाहेबांनी फ्रान्समधली १७८९ सालची व्हर्सायची राष्ट्रसभा सांगितली, नावानिशी आणि सालानिशी. माणसं उठून गेली नाहीत. त्याच परिषदेत पुढे मनुस्मृती जाळली गेली, म्हणजे कंटाळलेली दिसत नव्हती.

आणि महाडवरून आठवलं. त्याच तालुक्यातल्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला असं मानतात. समर्थांनी पहिल्या दशकाच्या पहिल्याच समासात, आपण कोणकोणत्या ग्रंथांच्या आधाराने बोलतोय त्याची यादी दिली आहे. शिवगीता, रामगीता, गुरुगीता, अवधूतगीता, भगवद्गीता, उपनिषदं, भागवत, यादी बरीच लांब आहे. आमच्या आयाबाया ती दर वर्षी वाचतात, कुणालाही डुलकी लागत नाही. कीर्तनकार अभंग लावतो तो तुकोबांचा की नाथांचा, हे नाममुद्रेतच कळतं, आणि नाथ तर स्वतःच्या अभंगात आपल्या नावाला जोडून गुरूचंही नाव घालून ठेवतात. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतलं. आज 'गीता प्रवचने' म्हटलं की बोलणारा आणि लिहून घेणारा, दोघांचीही आठवण निघते. भाषणात तळटीप कुठे द्यायची, हा आपला प्रश्न रास्त आहे. या मंडळींना तो पडला नाही, इतकंच.

कायद्याची भीती आपण बाळगू नये. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षांपर्यंतच पाहतो, अमात्य केव्हाच त्याच्या पलीकडे गेले. उलट जाहीर भाषणाचा पहिला मालक ते करणारा, असं त्यात म्हटलेलं आहे. भाषण करणारा आणि दुसऱ्याचं म्हणून दाखवणारा यांत तो काय फरक करतो, हे आमच्या गुरुजींनी वकिलाला विचारायचं ठरवलं होतं, पण वकिलाची फी ऐकून ते परत आले. विद्यापीठांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, साठ टक्क्यांच्या वर गेलं की संशोधकाची नोंदणीच रद्द. सुदैवाने मंडपाला आयोग नसतो. मंडपवाला फक्त खुर्च्या मोजतो.

शेवटी एका मुलीतर्फे आभार मानायचे आहेत. नववीत आहे, वडील होडीवर जातात. आपण गाडीकडे निघालात तेव्हा ती वही घेऊन आडवी आली आणि म्हणाली, "सर, ते झाडांचं पत्र कुठल्या पुस्तकात आहे? मला वक्तृत्व स्पर्धेत घ्यायचंय." आपण तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "बाळ, खूप वाचलं की आपोआप सुचतं." तिने ते वहीत लिहून घेतलं, आणि खाली आपलं नाव आणि तारीखही लिहिली. आपलं वाक्यसुद्धा तिने आपल्याच नावावर ठेवलं, यावरून तिला या क्षेत्रात किती शिकायचं आहे ते दिसतं.

नंतर ती वाचनालयात आली. 'झाडांचं पत्र, महाराज' एवढ्याच पत्त्यावर तिने शिवकालीन पत्रांचे खंड चाळायला घेतले. मिळेना, कारण तिथे ते नव्हतंच. ज्यांचे शब्द आपण घेता ते बहुतेक जण गेलेले असतात, त्यांना काही फरक पडत नाही. त्या शब्दांमागून जिला मूळ पुस्तकापर्यंत जायचं असतं तिचा रस्ता मात्र बुजतो. ग्रंथपालांनी बऱ्याच खटपटीनंतर आज्ञापत्राची प्रत काढून दिली. शोधता शोधता तिला जिवाजी विनायकांना लिहिलेलं पत्रही सापडलं, आणि आता तिने झाडं बाजूला ठेवून पद्मदुर्गावरच बोलायचं ठरवलं आहे. पहिलं वाक्य काय असावं यावर घरात वाद चालू आहे. वडिलांचं म्हणणं, आधी सांग कुणी कुणाला लिहिलं, मग काय लिहिलं ते सांग.

आपणही आज्ञापत्राचं ते पुस्तक पाहावं, अशी नम्र विनंती आहे. आमच्या वाचनालयात एकच प्रत आहे आणि ती सध्या या मुलीकडे आहे. तिने मुदत वाढवून घेतल्यामुळे आपला नंबर दुसरा लागेल. वर्गणी आगाऊ भरावी लागते, आणि नव्या सभासदाच्या अर्जावर त्याला ओळखणाऱ्या दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. गुरुजी सही करायला तयार आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपल्या श्रोत्यांपैकी एक